पूर्वीचे नाव

काकूंच्या पासपोर्टचा अर्ज भरताना एका प्रश्नापुढे मी त्यांना न विचारताच 'नाही'वर टिचकी मारली. दिवाळी नुकतीच उरकली होती. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या माजघरात दुपारचे ऊन उंबऱ्याला टेकले होते, डब्याच्या तळाशी राहिलेल्या चिवड्याला किंचित खवट वास येऊ लागला होता, आणि काकू माझ्या डाव्या हाताला स्टुलावर बसून पडद्यावर काय चालले आहे ते मोठ्या कुतूहलाने पाहत होत्या. काकूंचे वय ८१. येत्या मे महिन्यात न्यू जर्सीत नातीचे लग्न आहे आणि त्यासाठी जन्मातला पहिला पासपोर्ट काढायचा होता. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. अर्ज भरणे आणि इतरांकडून भरवून घेणे यातच माझी हयात गेली. त्यामुळे रकान्यामागून रकाना भरत मी वेगाने पुढे सरकत होतो, आणि खरे सांगायचे तर त्या वेगाचे मला मनातून थोडे कौतुकही वाटत होते. 'आपण कधी नाव बदलले आहे का?' असा प्रश्न आला. खाली दोन पोकळ वर्तुळे, एक 'होय'चे आणि एक 'नाही'चे. मी दुसरे भरून टाकले. काकूंनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि विचारले, "तिथे काय विचारलं होतं?" मी सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "मग नाही कसं?"

मी म्हणालो, "काकू, लग्नानंतरचं कुणी धरत नाही हो. उगीच होय म्हटलं तर पुढे दहा प्रश्न निघतील."

"पण विचारतंय कोण?"

"कोण म्हणजे, सरकार. कॉम्प्युटर."

"मग तो विचारतोय तर सांग ना त्याला," काकू म्हणाल्या. "प्रभा."

काकूंच्या तोंडून हे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.

म्हणजे मला ते माहीत नव्हते असे नाही. घरातल्या सगळ्यांनाच माहीत होते, जसे परसातल्या बुजवलेल्या विहिरीविषयी सगळ्यांना माहीत असते. काकूंचे माहेर ग्वाल्हेरचे, लष्कर भागातले. १९६३ साली लग्न होऊन त्या रतलाम, दाहोद, गोध्रा अशी स्टेशने मागे टाकत बडोद्यास आल्या, आणि दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजनाच्या वेळी काकांनी ताटात पसरलेल्या तांदळात अंगठीने 'सुमती' असे लिहिले. नाव का बदलले, तर त्यामागे कुठलाही मोठा विचार नव्हता. माझ्या धाकट्या आत्याचे नाव प्रभा. ती तेव्हा अविवाहित, घरातच. एका घरात दोन प्रभा असल्या तर हाक मारायची पंचाईत, एवढेच कारण. आत्याचे पुढे दोन वर्षांत लग्न झाले, ती पुण्याला गेली, तिथे तिचेही नाव बदलले, आणि त्यानंतर आमच्या घरात एकही प्रभा उरली नाही. हे मला त्या दुपारी प्रथमच सुचले आणि मी काकूंकडे बघायचे टाळले. तांदळातले अक्षर खरे तर ताट उचलेपर्यंतचे. हात लागला की रेघ बुजते आणि तांदूळ परत डब्यात जातात. पण हे तांदळातले नाव बासष्ट वर्षे रेशनकार्डावर, मतदारयादीत, पासबुकात आणि आधारकार्डावर टिकले. शाळेच्या दाखल्यावर शाईने लिहिलेले नाव मात्र पत्र्याच्या पेटीत गेले.

त्या सगळ्या कागदांवर 'सुमती' लिहिणारे कारकून मी मनाने आठवून पाहतो. रेशनकार्डाच्या वेळी काका गेले असणार आणि खिडकीपाशी उभे राहून त्यांनी घरातल्या माणसांची नावे सांगितली असणार. मतदारयादीसाठी मास्तर दारावर आले तेव्हा आजोबांनी ओसरीतूनच सांगितले असणार. काकू आत स्वयंपाकघरात. कुणी त्यांना बाहेर बोलावून "बाई, तुमचे आधीचे नाव काय?" असे विचारले असेल हे मला संभवनीय वाटतच नाही, कारण सगळ्यांना सगळे ठाऊकच होते: सुना दुसऱ्या नावाने येतात आणि या नावाने राहतात, त्यात विचारायचे काय? पासपोर्टच्या त्या अर्जाने विचारले, कारण त्याला काहीच ठाऊक नव्हते. तो ना बडोद्याचा, ना ग्वाल्हेरचा. त्याला अंगठी माहीत नाही, तांदूळ माहीत नाहीत, आणि लाजही माहीत नाही.

या गोष्टीत मी नुसता बघ्या नव्हतो, हेही लिहून टाकले पाहिजे. तेहतीस वर्षे मी बँकेच्या काउंटरमागे काढली. लग्न झालेल्या मुली खात्यावरचे नाव बदलून घ्यायला यायच्या. लग्नाचा दाखला, नवा फोटो, नमुना सहीचे नवे कार्ड, हा सगळा सोपस्कार मी शेकडो वेळा केला असेल. त्यात एक दृश्य नेहमीचे होते. कार्ड पुढे सरकवले की मुलगी आधी पे-इन स्लिपच्या पाठीवर नवी सही गिरवून बघायची. पहिली दोनदा चुकायची, सवयीने जुनेच अक्षर निघायचे, मग ती स्वतःशीच हसून ते खोडायची. एकदा एका मुलीने स्लिपच्या पाठीवर अकरा सह्या केल्या आणि बारावी कार्डावर. मागे रांग होती म्हणून मी तिला "लवकर करा बेन" म्हटल्याचे आठवते. ती स्लिप मी टोपलीत टाकली. त्या वेळी यात नोंद घेण्यासारखे मला काही वाटले नव्हते, आणि आज वाटते आहे म्हणून त्या मुलीला काही उपयोग नाही.

बडोद्यात राहून नाव बदलण्याचे कुणी अप्रूप करावे, हेही गमतीचेच आहे. ज्यांच्या नावाने इथली अर्धी सार्वजनिक जागा ओळखली जाते ते सयाजीराव महाराज मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे गोपाळराव. १८७५ साली दत्तक झाले आणि सयाजीराव झाले. त्यांच्या पहिल्या पत्नी तंजावरच्या लक्ष्मीबाई. इथे आल्यावर त्या चिमणाबाई झाल्या. त्या १८८५ साली वारल्या. दुसऱ्या पत्नी देवासच्या गजराबाई. इथे आल्यावर त्यांचेही नाव चिमणाबाईच ठेवले गेले. १९२७ साली अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या त्या या दुसऱ्या चिमणाबाई, आणि रावपुऱ्यातला १८९६ चा टॉवर आहे तो पहिल्या चिमणाबाईंच्या स्मरणार्थ. त्या टॉवरखालून मी रोज भाजीची पिशवी घेऊन येतो-जातो. गेलेल्या सवतीचे नाव अंगावर घेऊन वावरताना गजराबाईंना काय वाटत असेल, हा प्रश्न साठी उलटेपर्यंत माझ्या डोक्यात आला नव्हता. तो आणून दिला एका सरकारी संकेतस्थळाने. बरे, गावाचे तरी काय? आम्ही मराठी माणसे बडोदे म्हणतो, १९७४ पासून सरकारी कागदावर वडोदरा आहे, आणि रेल्वेच्या तिकिटावर अजून बी-आर-सी छापून येते, त्यातला पहिला 'बी' जुन्या नावाचा. गावाला कुणी 'होय की नाही' विचारलेले नाही.

आता, जुने तेच चांगले असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. माझा पहिला पासपोर्ट १९८७ सालचा, आणि त्याची आठवण अजून माझ्या पायांच्या पोटऱ्यांत आहे. रात्रीच्या गाडीने दुसऱ्या शहरी जायचे, पहाटे कार्यालयाच्या फाटकापाशी रांग धरायची, रांगेत आपल्या पुढे विटेवर रुमाल ठेवून गेलेल्या माणसाची जागा राखायची, आणि दहा वाजता खिडकी उघडली की आतल्या माणसाच्या कपाळाकडे पाहून आज तो कसा आहे ते ओळखायचे. फाटकाबाहेर झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसलेले दलाल. फॉर्म त्यांच्याकडे, डिंक त्यांच्याकडे, टाचण्या त्यांच्याकडे, आणि "साहेब आपले आहेत" हे वाक्यही त्यांच्याकडेच. प्रत्येक झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही हवी, म्हणून त्याच्या घरी सकाळी चहाच्या वेळी जाऊन बसायचे. पासपोर्ट आला तो हाताने लिहिलेला. कुणा कारकुनाचे वळणदार अक्षर, निळी-काळी शाई, चिकटवलेला फोटो आणि त्यावर अर्धवट उमटलेला शिक्का. वडिलांच्या नावात एक अक्षर जास्त पडले होते. ते दाखवायला गेलो तर खिडकीतला माणूस प्रेमाने म्हणाला, "चालशे." आणि खरोखरच ते पुढे अनेक वर्षे चालले. हाताने लिहिलेले पासपोर्ट २४ नोव्हेंबर २०१५ नंतर जगात कुठेच चालेनासे झाले, कारण आता ते माणसाऐवजी यंत्राने वाचायचे ठरले होते. यंत्राला 'चालशे' म्हणता येत नाही.

त्यामानाने काकूंचा अर्ज म्हणजे सुखच होते. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याखाली चाललेले हे काम २०१० साली बंगळूर आणि चंदीगडच्या भागात प्रयोग म्हणून संगणकावर आले, पुढच्या दोनेक वर्षांत देशभरात ७७ सेवा केंद्रे उभी राहिली, आणि २०१७ च्या जानेवारीत पोस्टाच्या कचेऱ्यांतूनही केंद्रे उघडू लागली. त्यांतली अगदी पहिली दोन म्हैसूर आणि दाहोदला. दाहोद म्हटल्यावर काकू म्हणाल्या, "तिथे आमची गाडी रात्री बराच वेळ उभी होती. हे खाली उतरून पाणी आणायला गेले आणि गाडी सुटते की काय म्हणून मला रडू आलं." आज त्या दाहोदच्या माणसाला पासपोर्टसाठी बडोद्याला किंवा अहमदाबादला यावे लागत नाही, ही काही लहान गोष्ट नाही. २०१६ च्या डिसेंबरात नियमही सैल झाले. पंधरा परिशिष्टांची नऊ झाली, ती साध्या कागदावर स्वतःच्या सहीने चालू लागली, विवाहाचा दाखला मागणे बंद झाले, जन्मतारखेला आधारकार्ड चालू लागले, आणि साधूंना आईवडिलांच्या जागी गुरूचे नाव लिहिण्याची मुभा मिळाली. साधूचेही नाव बदललेलेच असते. पण त्याची सोय करावी असे सरकारला आवर्जून वाटले, याची मी आपली नोंद करून ठेवतो. घरबसल्या शुल्क भरले. पंधराशे रुपयांतून ज्येष्ठ नागरिक म्हणून दहा टक्के सूट, म्हणजे १३५० रुपये. काकूंना त्या दीडशे रुपयांचा फार आनंद झाला.

दलाल गेला हे खरे, पण त्याच्या जागी कोण आले, तर मी. किंवा माझ्यासारखा कुणी पुतण्या, भाचा, जावई, नाहीतर गल्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानातला मुलगा, जो अर्जामागे ठरावीक पैसे घेतो आणि पडद्यावरच्या इंग्रजी प्रश्नांपैकी निम्मे समोरच्याला विचारतही नाही. मी त्या दुकानात उभा राहून पाहिले आहे. नाव, पत्ता, आधार एवढे विचारले जाते आणि बाकीच्या ठिकाणी त्याचे बोट सरावाने 'नाही', 'नाही', 'नाही' असे उतरत जाते. अर्ज प्रत्येकाला एकेकटे गाठून प्रामाणिकपणे विचारतो आणि उत्तर देणारा भलताच असतो. त्या दुपारी काकू शेजारी नसत्या, किंवा त्यांचा चष्मा दुसऱ्या खोलीत राहिला असता, तर त्यांच्या आयुष्याविषयी सरकारदरबारी माझे बोट साक्ष देऊन मोकळे झाले असते.

मग मी मागे गेलो आणि सगळे प्रश्न पहिल्यापासून मोठ्याने वाचू लागलो. दोन तास गेले. मध्ये एकदा बराच वेळ काहीच न केल्यामुळे संकेतस्थळाने आम्हांला बाहेर काढले आणि पुन्हा परवलीचा शब्द, पुन्हा वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहिणे, असे सगळे करून आत शिरावे लागले. 'आपण अन्य नावाने ओळखले जाता का?' या प्रश्नाला मी 'उर्फ' असा शब्द वापरला तेव्हा काकूंना हसू आले. "उर्फ चोरांचं असतं. पेपरात येतं ना, अमुक उर्फ तमुक फरार." जन्मतारीख १ जुलै १९४४. ग्वाल्हेरच्या शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिली ती. खरा जन्म भाऊबीजेचा, पण भाऊबीज हा पर्याय अर्जात नाही. जन्मस्थळाच्या राज्याची यादी उघडली तर तिच्यात आजची राज्ये. काकू जन्मल्या तेव्हा ग्वाल्हेर हे संस्थान होते, चार वर्षांच्या झाल्या तेव्हा ते मध्य भारतात गेले, बारा वर्षांच्या झाल्या तेव्हा मध्य प्रदेश झाला. त्यांनी न हलता तीन राज्ये पाहिली. "मध्य प्रदेश लिही," त्या समजूतदारपणे म्हणाल्या, जणू अर्जाला वाईट वाटू नये. शरीरावरची ठळक खूण विचारली तेव्हा त्यांनी उजव्या भुवईवरचे केस बोटाने बाजूला करून एक पांढुरकी रेघ दाखवली. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर सासबहूच्या देवळाच्या पायऱ्यांवरून आठव्या वर्षी पडल्या होत्या, तीन टाके पडले होते. आयुष्यभर मी त्या चेहऱ्यासमोर जेवलो आहे आणि ती रेघ मला माहीत नव्हती.

सर्वांत जास्त वेळ गेला तो स्पेलिंगला. मी सहज लिहिले, तर काकू म्हणाल्या, थांब. माडीवरून त्यांनी पत्र्याची पेटी आणवली, तिच्यातून कापडात गुंडाळलेला शाळेचा दाखला काढला. हिंदीत 'कु. प्रभा', आणि मागच्या बाजूला त्यांच्या वडिलांच्या हातचे इंग्रजीतले नाव. पी-आर-ए-बी-एच-ए. मी 'एच' गाळला होता. काकूंनी बोटाने पडद्यावरची एकेक कळ मोजल्यासारखी अक्षरे मोजली. कागद घड्यांवर इतका झिजला होता की उजेडासमोर धरल्यावर घडीच्या रेषेतून पलीकडचे दार दिसत होते.

केंद्रावरचा दिवस मी थोडक्यात सांगतो. सकाळी पावणेदहाची वेळ मिळाली होती आणि दहा वाजून पाच मिनिटांनी आम्ही पहिल्या काउंटरपाशी होतो. १९८७ च्या माझ्या पोटऱ्यांना ते खरे वाटेना. ए काउंटरवर खासगी कंपनीची माणसे असतात, बी आणि सी या काउंटरांवर सरकारी अधिकारी. ए वर एका तरुण मुलीने कागद स्कॅन केले, फोटो घेतला आणि बोटांचे ठसे घ्यायला लागली. ठसे काही उमटेनात. बासष्ट वर्षे पोळपाट, राख, ताकाची रवी आणि नंतर साबणाची वडी यांनी काकूंची बोटे गुळगुळीत करून टाकली होती. "बा, जरा जोरथी दबावो," मुलगी म्हणाली. काकूंनी दाबले. तिने ओल्या कागदाने बोटे पुसली, स्वतःच्या तळहातांत धरून चोळली, पुन्हा ठेवली. पाचव्या-सहाव्या वेळी यंत्राने होकार दिला. तोवर त्या दोघींची ओळख झाली होती आणि मुलीने स्वतःच्या आजीविषयी सांगून टाकले होते. मागे रांग होती, पण तिने "लवकर करा" म्हटले नाही.

बी काउंटरवर चाळिशीतला एक अधिकारी होता. पडद्यावर पाहत त्याने विचारले, "बा, आ प्रभा कोण?"

"हुं ज," काकू म्हणाल्या.

'मीच' या अर्थाचे हे दोन शब्द त्यांनी इतक्या सहज उच्चारले की माझीच मान खाली गेली. अधिकाऱ्याने दाखला मागितला, तो उलटसुलट पाहिला, घड्यांच्या ठिकाणी फाटू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून परत दिला, आधारकार्डावरचे नाव, पतीचे नाव, पत्ता असे एकेक ताडून पाहिले आणि पुढच्या काउंटरकडे बोट केले. दहा प्रश्न निघतील अशी जी भीती मी घातली होती त्यातला एकच निघाला. बाहेर आल्यावर काकूंना शेव-उसळ खावीशी वाटली. त्यांना तिखट वर्ज्य आहे, पण मी काही बोललो नाही.

'सुमती' या नावावर काकूंचा राग आहे, असे कुणी समजू नये. मी तसे विचारूनही पाहिले. त्या म्हणाल्या, "राग कसला? यांनी सुरेख हाक मारली त्या नावाने." मग बराच वेळ शेंगा सोलत राहिल्या आणि म्हणाल्या, "पण ग्वाल्हेरहून आईचं पत्र यायचं ना, त्यावर पत्ता सौ. सुमतीचा आणि आत 'चि. प्रभास'. पोस्टमन पत्र सासऱ्यांच्या हातात द्यायचा. ते पत्ता वाचायचे आणि मला हाक मारायचे. आतलं मी वाचायची." त्यांची आई १९७१ साली गेली. म्हणजे काकूंना त्या नावाने हाक मारणारे शेवटचे माणूस गेले, आणि पुढचा थेट हा अर्ज. आता यात मी संगणकाचे कौतुक करावे की काय करावे, ते मला कळत नाही. जो प्रश्न घरच्यांनी विचारायचा तो परक्या यंत्राने विचारला, तोही सुरक्षेसाठी, संशयाने. ही बाई कुठल्या दुसऱ्या नावाने काही लबाडी करून आलेली नाही ना, एवढेच त्याला पाहायचे होते. त्याने माया दाखवली असे म्हणणे खुळेपणाचे होईल. आणि तरी आमच्या घरातल्या सगळ्या मायाळू माणसांपेक्षा त्यानेच ते नाव लिहायला एक रकाना मोकळा ठेवला होता.

पोलीस चौकशीला एक जवान शिपाई टॅब घेऊन आला. त्याने काकूंचा दारात फोटो काढला, शेजारच्या दोघांना चार प्रश्न विचारले आणि चहा नको म्हणत अर्धा कप घेतला. नंतर मोबाइलवर संदेश येत राहिले, आज छापला, आज पाठवला, आज पोस्टात दिला, आणि प्रत्येक संदेश काकू मला मोठ्याने वाचायला लावत. पोस्टमन आला तेव्हा पाकीट काकूंच्याच हातात दिले गेले.

गडद निळे नवे पुस्तक, नाशिकच्या छापखान्यातल्या कागदाचा तो कोरा, थोडासा औषधी वास. मुखपृष्ठावर खालच्या बाजूला एक छोटी सोनेरी खूण. आत चिप आहे म्हणून. नागपूर आणि भुवनेश्वरला १ एप्रिल २०२४ पासून असे पासपोर्ट देऊन पाहिले, मग ते इतरत्र आले. काकूंनी ती खूण अंगठ्याने चोळून पाहिली. आत फोटोत त्या थोड्या रागावलेल्या दिसतात, कारण हसायचे नाही असे सांगितले होते. नावाच्या जागी सुमती, पुढे काकांचे नाव, आणि आडनाव. प्रभा कुठेही नाही. मला जरा चुटपुट लागली, पण काकू पानाच्या तळाशी पाहत होत्या. तिथे यंत्राला वाचण्यासाठी छापलेल्या दोन ओळी असतात, प्रत्येकीत बरोबर ४४ खुणा. नाव संपते तिथून पुढे ओळ भरेपर्यंत कोनासारखे एकच चिन्ह पुन्हा पुन्हा छापतात.

"हे काय आहे?" त्यांनी विचारले.

"काही नाही. नाव लहान पडलं की राहिलेली जागा भरतात."

त्यांनी नखाने एकेक कोन मोजायला सुरुवात केली. सहापर्यंत मोजून थांबल्या. "बसली असती की इथे," त्या म्हणाल्या आणि पासपोर्ट मिटून त्यांनी तो कपाटात, इतर कागदांबरोबर ठेवला नाही. माडीवर जाऊन पत्र्याच्या पेटीत ठेवून आल्या. व्हिसासाठी तो मला पुढच्याच आठवड्यात परत मागून घ्यावा लागला.

अमेरिकेच्या व्हिसाचा डीएस-१६० नावाचा अर्ज आमच्या अर्जापेक्षा लांब आहे, आणि वीस मिनिटे हात लावला नाही तर तो आपल्याला बाहेर काढतो. काल संध्याकाळी मी तो उघडून बसलो होतो. काकू स्वयंपाकघरात होत्या, कढीला फोडणी पडल्याचा आवाज आला. सुरुवातीलाच प्रश्न होता: आपण कधी दुसरी नावे वापरली आहेत का? कंसात उदाहरणे दिली होती, माहेरचे, धार्मिक, व्यावसायिक, उर्फ. खाली पुन्हा तीच दोन पोकळ वर्तुळे.

"काकू," मी बसल्या जागेवरून ओरडून सांगितले, "दुसऱ्या नावाचं हे लोकही विचारतायत."

"मग?"

"लिहिलं."

"एच घातलास का?" काकू आतूनच म्हणाल्या.